पस्तीस मिनिटांचं मैदान

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मासे धुरवायच्या कारखान्यात
जेवणाची सुट्टी पंचेचाळीस मिनिटं.
त्यातली सहा हातमोजे आणि बूट काढण्यात जातात,
चार परत चढवण्यात.
उरलेल्या पस्तिसांत रिमांतास आणि मी
एक आख्खी मॅच बसवतो.

मोठा खेळ तीन तासांचा. अकरा विरुद्ध अकरा.
माझा फर्गस खेळायचा तो, शनिवारी, पबच्या माळ्यावर.
उशिरा घरी यायचा. जिंकला की हरला
ते मला जिन्यावरच्या बुटांवरून कळायचं.
हा त्याचा धाकटा भाऊ. पट आखूड, पाळ्या कमी,
सात विरुद्ध सात.
फुटबॉलच आहे म्हणे.
फक्त इथे चेंडूच्या आधी माणूस लाथाडतात,
आणि पंचाचं लक्ष नेमकं दुसरीकडे असतं.

रिमांतासचे उंदीर. दोन पायांवरचे, शेपट्या पिळलेले,
दान पडायच्या आतच पळाल्यासारखे दिसतात.
माझे बुटके. दाढीवाले, रुंद, हट्टी.
फर्गसने रंगवलेत, अकराच्या अकरा,
आणि ॲबरडीनच्या तेलविहिरीवर जाताना
फ्रिजवर ठेवून गेला. "टाकू नकोस," एवढंच म्हणाला.

सातच लागतात.
म्हणून रोज सकाळी मी चौघांना डब्यात झोपवते.
बिस्किटांचा डबा, आत जुना टॉवेल.
आज कोण राहणार हे ठरवायला
बस चुकवलीय मी एकदा.

कॅन्टीनमध्ये आमची बोटं गार असतात,
सोंगट्यांना हॅडॉकचा वास लागलाय, जाणार नाही.
रिमांतास घरं त्याच्या भाषेत मोजतो, ओठांतल्या ओठांत.
क्लाइपेडाच्या बंदरातही तो मासेच कापायचा.
"तिकडे पत्ते होते," म्हणतो, "पत्ते कोणाला लागत नाहीत,
उंदीर मेला तर वाईट वाटतं."

कवटी पडली की आपलाच गडी आडवा.
गडी आडवा की पाळी गेली.
किती शहाणपणा केला, कोपरे राखले,
सगळं एका दानात.
हे नियम मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मला आवडतो तो एकच नियम.
पायांत आहेत तेवढी घरं चालून झाली
तरी एक पाऊल जास्त टाकता येतं.
फासा टाकायचा. एक आला तर तोंडावर.
एक सोडून काहीही आलं तर
नसलेलं पाऊल पडलेलं असतं.

गुरुवारी, शेवटच्या पाळीत,
लाल दाढीच्या बुटक्याकडे चेंडू होता.
(लालच का, तर फर्गसकडचा तपकिरी संपला होता.)
चार घरं चालला. रेघ पाचव्यात.
मागे दोन उंदीर, घड्याळात एक मिनिट.
मी फासा टाकला,
तो मिरपुडीच्या बाटलीला आपटला, टेबलावरून उतरला
आणि फ्रीझरखाली गेला.
तेवढ्यात भोंगा.

सहा तास हॅडॉकच्या पाठी चिरताना
तो बुटका माझ्यासमोर एका पायावर उभा होता.

शुक्रवारी पट जसाच्या तसा, वर टोपलं पालथं,
आणि बाजूला फासा. सहा वर.
"मिळाला," मिसेस पॉकलिंग्टन मॉपवर टेकून म्हणाल्या.
"खाली किती होते?" आम्ही दोघं एकदम.
"धूळ होती. धुऊन ठेवला.
सहा बरे दिसतात ना?"

रिमांतासने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले.
"घे सहा. जिंकलीस."

मी फासा उचलला. अजून ओला होता, साबणाचा वास.
त्या रात्री फर्गसला सांगणार होते, फोन लागला तर.
काय सांगू, सहा पडले?
पुसून ठेवलेले सहा?

"परत टाकते," म्हटलं.
रिमांतासने मिरपुडीची बाटली उचलून
मांडीवर घेतली.